जुन्या कारचा डॅशबोर्ड: चिकट झालेलं, खरवडलेलं, तुटलेलं प्लॅस्टिक पुन्हा नीट कसं करायचं

एसीच्या पॅनलवर अंगठा टेकवा आणि हळूच उचला. अंगठा किंचित चिकटून सुटला, पॅनलवर ठसा राहिला आणि त्या ठशात फडक्याचे तंतू अडकलेले दिसले, तर तो मळ नव्हे. कारखान्यात दिलेला मऊ स्पर्शाचा थर आता विरघळायला लागलाय. शेजारच्या कप्प्याचं झाकण पांढुरकं पडलं असेल, तर तो आजार वेगळा. स्विचभोवतीची फ्रेम खड्ड्यात करकरत असेल, तर तिसराच. एका डॅशबोर्डवर चार-पाच जातींचं प्लॅस्टिक असतं आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं. सगळ्यांवर एकाच बाटलीतलं चकाकी आणणारं लिक्विड फासून काही दुरुस्त होत नाही. उलट पुढे रंग द्यायची वेळ आली की तेच आडवं येतं.

या कामातली बहुतेक फसगत एकाच कारणाने होते: भाग कशाचा बनलाय हे न बघता लोक त्याच्यावर प्रयोग सुरू करतात. मीही तेच केलं होतं. गिअरच्या दांड्याभोवतीचा कन्सोल घासला, प्राइमर मारला, सुंदर सॅटिन काळा रंग दिला. महिन्याभरात चावी आपटलेल्या जागी टवका उडाला आणि नखाने जरा ओढलं तर सालपट निघावं तशी अख्खी पट्टी हातात आली. भाग उलटा करून बघितला तर मागे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: पीपी, म्हणजे रंग सहज न धरणारं प्लॅस्टिक. ती अक्षरं आधी वाचली असती तर आठवडाभराची मेहनत वाया गेली नसती. म्हणून सगळ्यात आधी भागाची मागची बाजू वाचायची आणि मगच पुढच्या बाजूला हात लावायचा.

एअरबॅग असेल तर

स्टिअरिंगच्या मधलं झाकण आणि पुढच्या प्रवाशासमोरचं झाकण, या दोन्हींना रंग, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), गोंद, कापड, काहीही लावू नका. ही झाकणं ठरावीक रेषेवर फाटावीत म्हणून मागून मुद्दाम पातळ केलेली असतात. तिथे चढवलेला कुठलाही थर झाकण फाटण्याची रीत बदलतो किंवा स्वतःच तुकडे होऊन तोंडावर येतो. या जागेवर साबणाच्या ओलसर फडक्यापलीकडे काही करायचं नाही.

बाकीचे भाग काढण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि किमान दहा मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्याच असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नका. आणखी एक: जुन्या गाड्यांतले काही रेडिओ बॅटरी तोडली की पुन्हा सुरू होताना कोड मागतात. तो आधी शोधून ठेवा.

भाग काढताना

वर्षानुवर्षं तापून थंड झालेलं प्लॅस्टिक ठिसूळ असतं. थंड हवेत तर क्लिप कडकन मोडते. गाडी तासभर उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने तो भाग कोमट करा. मग लोखंडी स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकची पट्टी फटीत घाला आणि क्लिपच्या अगदी जवळून उचका. मधोमध ओढलं की भाग वाकतो आणि टोकाची क्लिप तुटते. भाग अजिबात हलत नसेल तर जोर वाढवू नका. बहुतेक वेळा एखादा स्क्रू ॲश-ट्रेच्या मागे, छोट्या झाकणाखाली किंवा रबरी मॅटखाली लपलेला असतो.

प्रत्येक पायरीचा फोटो काढा. स्क्रू एकाच वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं ओबडधोबड चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी गेला तर समोरून प्लॅस्टिकवर फोड आल्यासारखा उंचवटा येतो, आणि तो पुन्हा खाली बसवता येत नाही.

प्लॅस्टिक ओळखा

भाग उलटा करून दोन कोनी कंसांमधली अक्षरं शोधा. ती आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणे छापलेली असतात. एबीएस म्हणजे कडक, रंग आणि गोंद दोन्ही चांगले धरणारं प्लॅस्टिक. मीटरभोवतीच्या फ्रेम आणि मधल्या पॅनलच्या चौकटी बऱ्याचदा याच्या असतात. पीसी+एबीएस हा त्याचाच अधिक मजबूत भाऊ. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन: कन्सोल, खालची झाकणं, कप्पे. याला रंग, गोंद आणि लांबी यांचा तिटकारा असतो. पीपी-टी२० लिहिलं असेल तर त्यात वीस टक्के टाल्क मिसळलेली आहे. पीए म्हणजे नायलॉन, ते क्लिपा, कड्या आणि हँडलच्या आतल्या भागांत सापडतं.

अक्षरं नसतील किंवा पुसली गेली असतील तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावा. अर्ध्या मिनिटात तिथे बोटाला चिकट लागलं तर बहुधा एबीएस. काहीच फरक पडला नाही आणि सुरीने खरवडल्यावर मेणासारखी मऊ वळी निघाली तर बहुधा पीपी. पाण्यात तुकडा टाकून बघायची युक्तीही आहे, कारण शुद्ध पीपी तरंगतं आणि एबीएस बुडतं. पण टाल्कवालं पीपी साधारण एबीएसइतकंच जड असल्यामुळे तेही बुडतं. म्हणून तुकडा तरंगला तर विश्वास ठेवा. बुडाला तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

धुणं हेच अर्धं काम

कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. दाणेदार पोताच्या खोलगट भागात मळ बसलेला असतो, तो ब्रश गोल फिरवल्याशिवाय निघत नाही. धुवा, निथळू द्या, पूर्ण वाळवा. वायरी, बल्ब, स्विच आधी काढून बाजूला ठेवा.

भागाला रंग द्यायचा असेल तर इथून पुढे काटेकोर राहा. गाडीच्या आतून वर्षानुवर्षं मारलेल्या पॉलिशांमध्ये सिलिकॉन असतं. रंगाखाली त्याचा अंश जरी राहिला तरी रंग जागोजागी मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश-आय म्हणतात. म्हणून साबणानंतर मेण-ग्रीस काढणाऱ्या क्लीनरने दोन फडक्यांनी पुसा: एका ओल्या फडक्याने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसलं तर मेण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातं, इतकंच. घासायचं काम या पुसण्यानंतर. आधी घासलंत तर पेपर सिलिकॉन ओरखड्यांच्या आत दाबून बसवतो.

चिकट थर काढणं

हा थर म्हणजे पॉलियुरेथेनचा मऊ रंग. हवेतला ओलावा, उष्णता आणि हाताचं तेल यांनी त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि तो डिंकासारखा होतो. तो पुन्हा कडक होत नाही. टाल्कम पावडर लावून चिकटपणा दोन दिवस झाकता येतो, पण थर पूर्ण काढण्याला पर्याय नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघडा, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. आधी मागच्या बाजूला एका ठिपक्यावर चाचणी. मग फडकं अल्कोहोलमध्ये भिजवून चिकट भागावर पाच मिनिटं पांघरून ठेवा. नुसतं घासत बसण्यापेक्षा असं भिजवणं कितीतरी जास्त उपयोगी. फडकं उचललं की थर सुरकुतलेला दिसेल. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने एका दिशेने ढकला. काळ्या चिखलासारखा गोळा जमेल. तो लगेच पुसून टाका, नाहीतर वाळून पुन्हा तिथेच बसतो. फडकं दर दोन-तीन पुसण्यांनंतर घडी उलटून स्वच्छ बाजूने वापरा. एसी पॅनलएवढ्या भागाला आठ-दहा फडकी सहज लागतात. जुने बनियन त्यासाठी उत्तम.

खालून निघणारं प्लॅस्टिक बऱ्याचदा नुसतं काळं आणि गुळगुळीत असतं. ते तसंच ठेवलं तरी चालतं, आणि माझ्या मते हाताच्या सतत वापरातल्या जागी तसंच ठेवणं सगळ्यात टिकाऊ. मात्र बटणांवरची चिन्हं याच थरावर छापलेली असतील तर तीही निघून जातील. आधी फोटो काढून ठेवा आणि त्या बटणांचा निर्णय वेगळा घ्या.

इथे ॲसिटोन किंवा थिनर वापरायचा मोह टाळा. खाली एबीएस असेल तर थराबरोबर भागाचा पृष्ठभागही विरघळतो.

तुटलेले कान, फुटलेल्या नळ्या

करकर आणि खुळखुळ यांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं: स्क्रू ज्या नळीत शिरतो ती उभी फुटलेली असते किंवा क्लिप धरणारा कान मोडलेला असतो. दुरुस्ती नेहमी मागून करायची.

एबीएसची सर्वात पक्की दुरुस्ती एबीएसनेच होते. भंगार एबीएसचे बारीक तुकडे करा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत टाका, बुडतील इतकं ॲसिटोन घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी मधाइतकी दाट लापशी तयार होते. तडा गेलेल्या जागेला आधी नुसतं ॲसिटोन लावून मऊ करा, मग मागून लापशीचा पातळ थर, त्यावर पितळी जाळीचा तुकडा, त्यावर पुन्हा थर. ॲसिटोन उडताना लापशी आकसते, म्हणून एकदम जाड ओतू नका. एक दिवस वाळू द्या. यात गोंदाचा सांधा उरत नाही, दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक एकजीव होतं.

फुटलेल्या नळीसाठी मी वापरतो ती पद्धत अशी. मूळ स्क्रूला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या आणि तो नळीत अलगद फिरवा, म्हणजे फुटलेले दोन भाग मूळ जागेवर येतात. नळीच्या बाहेरून सुती दोरा शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळा, सात-आठ वेढे. नळी एबीएसची असेल तर वेढ्यांवर लापशी चोपडा. घाई असेल तर दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी गोंद. सुती दोऱ्यावर सुपरग्लू एकदम भरपूर ओतू नका. कापसाशी त्याची अभिक्रिया होऊन चटका बसेल इतकी उष्णता आणि धूर निघतो. वाळल्यावर स्क्रू उलटा फिरवून काढा. नळीत आटे जसेच्या तसे उमटलेले दिसतील.

पीपीच्या बाबतीत साधा गोंद जवळपास निरुपयोगी. तिथे वितळवून जोडायचं: कमी तापमानावर ठेवलेली सोल्डरिंग आयर्न, पीपीचीच वेल्डिंग सळई आणि जाळी. पीपी साधारण १६० ते १६५ अंश सेल्सियसला वितळतं. धूर निघायला लागला तर आयर्न जास्त तापलीय आणि प्लॅस्टिक जळून कमजोर होतंय. जाळी मागून तापवून प्लॅस्टिकमध्ये अर्धी बुडवा, मग वरून सळई वितळवून झाका. एबीएसची सळई पीपीवर बसल्यासारखी वाटते, पण थंड झाल्यावर नखाने निघते.

एसीच्या व्हेंटची पाती लोंबत असतील तर टोकाची खुंटी मोडलेली असते. तिथे एक मिलिमीटरचं भोक हाताने पाडा, कागदी क्लिपची तार कापून त्यात एपॉक्सीने बसवा. पाती मूळ खुंटीपेक्षा जास्त दिवस टिकते.

सुपरग्लू वापरलाच तर एक लक्षात असू द्या: त्याची वाफ काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी धुरकट छटा सोडते. भाग बंद डब्यात वाळवू नका.

पोत वाचवायचा की नव्याने द्यायचा

डॅशबोर्डचा दाणेदार पोत एकदा पॉलिश पेपरने घासला की गेला. म्हणून खोल ओरखडे नसतील तर पेपर वापरूच नका. करडा स्कफ पॅड आणि साबणाचं पाणी घेऊन घासा. पॅडचे तंतू दाण्यांच्या मधल्या खोलगट भागांतही पोचतात. चमक सगळीकडे सारखी मेली की रंग धरायला तेवढं पुरतं.

खोल ओरखडा असेल तर तेवढ्याच जागी ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, प्लॅस्टिकसाठीची लवचीक लांबी, पुन्हा ६००. गाडीच्या पत्र्यावर वापरतात ती लांबी इथे नको. ती कडक असते आणि भाग वाकला की तडकते. भरलेली जागा गुळगुळीत आणि बाजूला दाणे, असं दिसेल. त्यावर उपाय: प्राइमरचा डबा चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर लांब धरून हलकी फवारणी. थेंब पोचेपर्यंत अर्धवट वाळतात आणि पसरण्याऐवजी दाण्यासारखे बसतात. आधी पुठ्ठ्यावर करून बघा, बाजूच्या पोताशी तुलना करा, मगच भागावर. तंतोतंत जुळणार नाही, पण बसल्या जागेवरून डोळ्याला टोचत नाही इतकं नक्की जमतं.

पांढुरक्या पडलेल्या, रंग न दिलेल्या पीपीवर हीट गन फिरवली की काळेपणा परत येतो, हे खरं आहे. पण एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की दाणे वितळून चकचकीत डाग पडतो, आणि तो कायमचा. मी हे फक्त खालच्या, नजरेआडच्या झाकणांवर करतो.

रंग

पीपी असेल तर आधी ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग प्लॅस्टिकला धरून राहावा म्हणून खाली मारायचा स्प्रे. याशिवाय पुढचं काही करू नका. एक-दोन अगदी पातळ हात, त्यावर घासायचं नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत रंग सुरू करायचा. एबीएसला प्लॅस्टिक प्राइमर पुरतो.

रंग प्लॅस्टिक किंवा व्हिनाइल ट्रिमसाठीचा, लवचीक आणि मॅट किंवा सॅटिन घ्या. चमकदार अजिबात नको. डॅशबोर्डच्या वरच्या भागावरची चमक पुढच्या काचेत उतरते आणि ऊन समोरून असताना रस्ता दिसेनासा होतो. छटा जुळवताना समोरची उडालेली बाजू बघू नका. क्लिपखालची किंवा दुसऱ्या भागाखाली झाकलेली, ऊन न लागलेली जागा खरी छटा सांगते. पण शेजारचे भाग तुम्ही तसेच ठेवणार असाल तर त्यांच्या आजच्या उडालेल्या छटेशी जुळवा.

डबा दोन मिनिटं हलवा. हवा थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नाही. स्प्रेचा डबा ५० अंशांवर तापवायचा नसतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, भागाच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचं प्लॅस्टिक दिसत राहावं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पावसाळी दमट हवेत रंग मारू नका, वर पांढरट धुकं बसतं. मोकळी हवा आणि सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेला मास्क हवा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. हार्डनर मिसळायचे रंग घरी टाळा, त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना धोकादायक असतात.

एका दिवसात रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला आठवडा घेतो. भाग लगेच बसवला तर क्लिप दाबताना बोटाचे ठसे उमटतात, आणि ते घासूनच काढावे लागतात.

मऊ डॅशबोर्ड, बटणं, मीटरची काच

वरून व्हिनाइल आणि आत पिवळसर फोम असलेला डॅशबोर्ड तडकला तर कडा ओढून चिकटवू नका. व्हिनाइल आकसल्यामुळेच ती फट पडलेली असते, ती पुन्हा उघडणार. कडा व्ही आकारात कापा, फोम दोन-तीन मिलिमीटर खाली करा, लवचीक फिलर भरा, पोत द्या, व्हिनाइलचा रंग. एक-दोन तडे असतील तोवर याला अर्थ आहे. तड्यांचं जाळं झालं असेल तर तयार आवरण किंवा कारागिराकडून नवं कव्हर हेच बरं, एअरबॅगच्या झाकणाची जागा पूर्ण सोडून.

मागून उजेड येणारी बटणं रंगवू नका. त्यांचं प्लॅस्टिक पांढरं-पारदर्शक असतं, वर काळा रंग आणि त्यात कोरलेलं चिन्ह. रंग चढवला की रात्री काहीच दिसत नाही. चिन्हं गेली असतील तर तयार डेकल (छापील चिन्हांचे स्टिकर) मिळवणं किंवा भंगारातून तेच बटण आणणं सोपं.

मीटरसमोरची पारदर्शक काच ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असते. तिला अल्कोहोल, ॲसिटोन, अमोनियाचं ग्लास क्लीनर यांपैकी काही लागता कामा नये. बारीक तड्यांचं जाळं उमटतं आणि ते पुसून जात नाही. साबणाचं पाणी आणि प्लॅस्टिक पॉलिश, बस.

परत बसवताना

एकमेकांवर घासणाऱ्या कडांना कापडी चिकटपट्टी लावा. मोडक्या धातूच्या क्लिपा चिमट्याने थोड्या फाकवा, नाहीतर बदला. स्क्रू नळीत आधी उलटा फिरवा. टक् असा बारीक आवाज येऊन तो किंचित खाली बसला की जुने आटे सापडले, आता सुलटा फिरवा. बोटांनी जमेल तितकाच, शेवटचा पाव वेढा स्क्रू ड्रायव्हरने. नवे आटे पडत गेले की दुरुस्त केलेली नळी पुन्हा फुटते.

सगळे कनेक्टर लावून झाल्याशिवाय बॅटरी जोडू नका. मग इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर गाडी जाणकार मेकॅनिककडे न्या, स्वतः शोधत बसू नका. दिवा विझला तर एकदा भर दुपारच्या उन्हात गाडी उभी करून चालकाच्या सीटवर बसा आणि पुढच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब कितपत दिसतं ते पाहा. जास्त दिसत असेल तर वरचा भाग काढून पूर्ण मॅटचा आणखी एक पातळ हात द्या.